टॅली हँग होतंय, बिलावर भलतंच छापतंय? कॉम्प्युटरला शिव्या घालायच्या आधी टीडीएल बघा

गेली बारा-तेरा वर्षं मी पुण्यात दुकानांचे आणि छोट्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर बघतो, मार्केट यार्ड, भवानी पेठ, नाना पेठ आणि तिकडे भोसरी एमआयडीसी, आणि महिन्यातनं दोनदा तरी हाच फोन येतो. "अहो टॅली परत अडकलंय, बाहेर टेम्पो उभा आहे, बिल निघत नाहीये, लवकर या." जाऊन बघावं तर चित्र ठरलेलं. कोपऱ्यात जुना डबा, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज ७, वर गणपतीचा फोटो आणि अगरबत्तीची राख, आणि टॅली ह्या हिशोबाच्या आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी बसवून दिलेली तीन-चार टीडीएल. कोणी केली विचारलं की उत्तरही ठरलेलं, "एक मुलगा यायचा हो, हुशार होता, आता बंगलोरला गेला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टीडीएल म्हणजे टॅली डेफिनिशन लँग्वेज. टॅली जसं मिळतं त्यात आपल्याला हवा तो जादा कॉलम, आपल्या छापील कागदावर बरोबर बसणारं बिल, गाडी नंबर, बॅच नंबर, सेल्समनचं कमिशन, असलं काही घालायचं तर ते ह्या भाषेत लिहून बसवतात. यात वाईट काही नाही, मी स्वतः बसवून घेतो लोकांना. अडचण दुसरीकडे आहे. टीडीएल मोडेल म्हणून शेठ मशिन बदलत नाहीत, मशिन जुनं म्हणून टॅली अपग्रेड होत नाही, आणि टॅली जुनं म्हणून टीडीएलला हात लावायला कोणी तयार होत नाही. तिघं एकमेकांचे पाय धरून बसलेत, आणि एक हलला की तिघंही पडतात.

तुमच्याकडे हेच होतंय का

टॅली उघडायला पाच-दहा मिनिटं घेतं, पण बाकी कॉम्प्युटर ठीक चालतोय. एखादंच बिल उघडताना किंवा प्रिंट देताना "मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन" म्हणून खिडकी येते आणि टॅली बंद. किंवा "बॅड फॉर्म्युला", "कुड नॉट फाइंड डिस्क्रिप्शन" असलं काहीतरी येतं. स्क्रीनवर आकडा बरोबर, कागदावर चूक. जादा घातलेला कॉलम अचानक गायब. एका फील्डमध्ये दुसऱ्याच फील्डची माहिती. आणि सगळ्यात नेहमीचं लक्षण म्हणजे "काल अपडेट केलं तेव्हापासून" किंवा "लाईट गेली होती तेव्हापासून". ही दोन वाक्यं नीट ऐका. पहिलं असेल तर बहुतेक टीडीएल, दुसरं असेल तर बहुतेक डेटा नाहीतर हार्ड डिस्क.

सगळ्यात आधी कॉपी, बाकी सगळं नंतर

टॅलीतला बॅकअप घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. टॅली बंद करा आणि अख्खं डेटा फोल्डर (आत १०००० किंवा १०००१ अशा आकड्यांच्या नावाचं फोल्डर असतं ते), टॅलीच्या फोल्डरमधली टॅली डॉट आयएनआय ही फाइल, आणि सगळ्या टीडीएल फायली, असं सगळं उचलून पेन ड्राइव्हवर टाका. टॅलीच्या बॅकअपमध्ये तुमच्या एंट्र्या येतात, टीडीएलच्या फायली येत नाहीत, आणि ही गोष्ट लोकांना फॉरमॅट मारल्यावर कळते. मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर हमाली-तोलाईचं टीडीएल डेस्कटॉपवर "न्यू फोल्डर २" मध्ये पडलेलं होतं, दिवाळीच्या साफसफाईत पोराने डेस्कटॉपही साफ केला. झालं. मार्चपर्यंत पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, हाताने लिहिल्या त्यांनी.

कॉपी होताना मधेच अडकली, एरर आली, तर खालचं बाकी काही करू नका, सरळ हार्ड डिस्कवाल्या भागाकडे जा.

फुकटातल्या गोष्टी

तारीख बघा. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षातली असेल तर मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर २०३२ म्हणतात, घड्याळवाल्याकडेही मिळतो, चहा-क्रीमरोलच्या खर्चात काम होतं. हे एवढं का महत्त्वाचं, तर तारीख चुकली की जीएसटी पोर्टलसारख्या साइट सर्टिफिकेटच्या एररने उघडत नाहीत, आणि दुसरं म्हणजे काही टीडीएलवाले आत तारीख घालून ठेवतात, वर्षाचे पैसे भरले नाहीत की टीडीएल आपोआप बंद. मशिनची तारीख इकडेतिकडे झाली की ते कुलूप भलत्याच दिवशी लागतं. उलटही होतं, तारीख बरोबर असते आणि कुलूपच लागायची वेळ आलेली असते, आणि आपण दिवसभर वायरी हलवत बसतो.

सी ड्राइव्हमध्ये जागा बघा. लाल पट्टी असेल तर आधी ती मोकळी करा.

प्रिंट बिघडलीये तर डीफॉल्ट प्रिंटर बघा. विंडोज १० मध्ये एक सेटिंग असतं, शेवटचा वापरलेला प्रिंटर तोच डीफॉल्ट करून टाकतं. सकाळी कोणीतरी लेझरवर आधार कार्ड छापलं की दुपारी डॉट मॅट्रिक्सचं बिल लेझरवर जाऊन वेडंवाकडं येतं, आणि नाव टॅलीचं. ते सेटिंग बंद करा.

अँटीव्हायरसने टीडीएलची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलीये का तेही बघा. एवढं झालं की पुढे.

टीडीएल बंद करून बघा (नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं, निदान मला तरी)

यालाही पैसे लागत नाहीत पण लोक घाबरतात. टॅली ईआरपी ९ (जुनं टॅली) असेल तर गेटवेवरून, म्हणजे टॅलीच्या मुख्य स्क्रीनवरून, एफ १२, मग प्रॉडक्ट अँड फीचर्स, मग एफ ४. टॅली प्राइम (नवं टॅली) असेल तर एफ १, टीडीएल्स अँड ॲड-ऑन्स, मग एफ ४. तिथे "स्टार्टअपला टीडीएल लोड करायच्या का" अशी ओळ असते तिथे नो करा, टॅली बंद करून परत उघडा. बिल आता साधं, टॅलीचं मूळचं दिसेल, कंपनीचा लोगो नाही, गाडी नंबर नाही, शेठ ओरडतील, ओरडू देत. आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की हँग होणं थांबलं का.

पण इथे एक काळजी. टीडीएल बंद असताना जुनं बिल उघडून सेव्ह करू नका, नुसतं बघा आणि एस्केपने बाहेर या. टीडीएलने घातलेल्या जादा फील्डची माहिती डेटात असते पण टीडीएलशिवाय दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावरून सेव्ह फिरवायचं धाडस मी करत नाही. शक्यतो ही टेस्ट डेटाच्या कॉपीवरच करा.

आणि एक गोष्ट मी स्वतः दोन वर्षं चुकत होतो म्हणून सांगतो. ह्या स्क्रीनवर लोकल टीडीएल वेगळी आणि अकाउंट टीडीएल वेगळी. लोकल म्हणजे त्या मशिनवरची फाइल. अकाउंट म्हणजे लायसन्सच्या खात्यातून येणारी, ती लोकल बंद केली तरी येतेच. मी लोकल बंद करून "टीडीएलचा प्रॉब्लेम नाही" असं सांगून मोकळा व्हायचो आणि आतमध्ये अकाउंटवालं एक बसलेलं असायचं. दोन्ही याद्या बघा.

बंद केल्यावर टॅली सुतासारखं सरळ चाललं, तर गुन्हेगार सापडला. आता एक-एक करून चालू करा, प्रत्येक वेळी टॅली बंद-चालू, प्रत्येक वेळी तेच एक बिल उघडून बघा ज्याच्यावर अडकतं. कंटाळवाणं आहे, चार टीडीएल असतील तर तासभर जातो, पण शॉर्टकट नाही. यादीत फाइलसमोर एरर दिसत असेल तर आधी फाइल त्या जागेवर आहे का बघा. फाइलचा पत्ता ई ड्राइव्हचा दिलेला असतो आणि ई ड्राइव्ह म्हणजे त्या मुलाचा पेन ड्राइव्ह असतो जो तो २०१८ मध्येच घेऊन गेला, हे मी एकदा नाही तीनदा बघितलंय.

कधीकधी एकेकटं टीडीएल नीट चालतं, दोन एकत्र आली की बिघडतं. भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्यांकडे गाडी नंबरच्या जागी पार्टीचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर यायचा. तिथल्या ताई म्हणायच्या, "मी नीटच टाकते हो सर, ते आपोआप बदलतं," आणि मी आधी त्यांच्याकडेच संशयाने बघितलं, चूक झाली माझी. दोन वेगळ्या माणसांनी दोन टीडीएल केलेली, दोघांनीही जादा फील्डला तोच नंबर दिलेला. ह्या फील्डना यूडीएफ म्हणतात, टॅली डेटात ती नावाने नाही तर नंबराने ओळखतं, मग एका डब्यात दोघांचं सामान. हे दुरुस्त करणं तुमचं-माझं काम नाही, नंबर बदलला की जुनी साठलेली माहिती नवीन जागी हलवावी लागते. टीडीएल येणाऱ्याला बोलवा, आणि तोपर्यंत दोन्हीतलं एक बंद ठेवा, कारण रोज होणारं प्रत्येक बिल हा गुंता वाढवतंय.

स्क्रीनवर बरोबर, कागदावर चूक

याच्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण हँग होणारं टॅली निदान ओरडून सांगतं, हे गप्प राहतं.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले, वाहनांच्या स्पेअर पार्टवरचे २८ टक्के १८ झाले. नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्यांनी आदल्या रविवारी बसून मास्टरमध्ये (टॅलीतल्या आयटमच्या मूळ नोंदीत) सगळे रेट बदलून ठेवले होते, माणूस एकदम शिस्तीचा. सोमवारी बिलं सुरू झाली. स्क्रीनवर सीजीएसटी ९, एसजीएसटी ९ (केंद्राचा अर्धा, राज्याचा अर्धा), सगळं बरोबर. छापील बिलावर मात्र १४ आणि १४. खाली टोटल मात्र टॅलीचीच, म्हणजे १८ च्या हिशोबाची. तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, चौथ्या दिवशी सासवडच्या गॅरेजवाल्याने फोन केला, "शेठ, बेरीज जुळत नाही तुमची."

झालं असं होतं की बिलाचं टीडीएल करणाऱ्याने टॅक्स टॅलीकडून घेतलाच नव्हता. करपात्र रकमेला सरळ १४ ने गुणून १०० ने भागायचं असं आतमध्ये लिहून ठेवलेलं, रेट पक्का कोरलेला. जोवर २८ होतं तोवर दोन्ही आकडे जुळत होते म्हणून आठ वर्षं कोणाला पत्ता नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा घाईघाईत केलेल्या टीडीएलमध्ये हे मला सर्रास दिसतं, त्या वेळी सगळ्यांनाच उद्या सकाळी बिल काढायचं होतं.

तुमच्याकडे असं आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. डेटाच्या कॉपीमध्ये एक खोटा आयटम तयार करा, त्याला ५ टक्के रेट द्या, एक बिल करा, प्रिव्ह्यू बघा. कागदावर ५ चे अडीच-अडीच आले तर ठीक. दुसराच आकडा आला तर कोरलेला आहे. तसंच एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), राज्याचं नाव, राउंड ऑफ हेही बघा, बाहेरच्या राज्यातली पार्टी घेऊन आयजीएसटी नीट येतो का बघा.

चुकीची बिलं बाहेर गेली असतील तर मात्र स्वतः क्रेडिट नोटा काढत बसू नका. हा सीएचा प्रश्न आहे, कॉम्प्युटरवाल्याचा नाही, माझा तर मुळीच नाही.

आता डबा उघडा

टीडीएल सगळी बंद करूनही टॅली अडकतंय, तर मशिन किंवा डेटा. आधी मशिन.

लाईट जाण्याशी संबंध असेल तर यूपीएसची बॅटरी. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको, तरी गुरुवारी सकाळी यूपीएस दोन मिनिटंही टिकत नाही आणि बिल सेव्ह होता होता मशिन धाडकन बंद. डेटा खराब होण्याचं माझ्याकडचं सगळ्यात मोठं कारण हेच. बॅटरी बदला, तापकीर गल्लीत कुठेही मिळेल, जुनी परत देऊन थोडे पैसेही सुटतात.

रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून परत बसवा, पंख्यातली धूळ काढा. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा बारीक चुरा असतो तो ब्रशने काढा, फुंकर मारू नका, डोळ्यात जातो. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे ते एकदा चालवा.

हार्ड डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर ह्या दोन ओळी बघा. रंग पिवळा किंवा लाल असेल, किंवा डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर इथे थांबा. टॅली रिपेअर नाही, चेक डिस्क नाही, "एकदा रीस्टार्ट करून बघू" तर अजिबात नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर तुम्ही जेवढं लिहाल-वाचाल तेवढी ती लवकर जाते. कॉपी आधीच झाली असेल तर निवांत एसएसडी टाका. झाली नसेल तर मशिन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क न्या. एका काकांनी रात्रभर चेक डिस्क चालू ठेवलं होतं, सकाळी डिस्क बायोसमध्येही दिसेना.

डेटा रिपेअर, आणि फक्त कॉपीवर

डिस्क चांगली, टीडीएल बंद, तरी एकाच कंपनीत अडकतं आणि नवीन रिकाम्या कंपनीत अडकत नाही, तर डेटा खराब आहे. ईआरपी ९ मध्ये कंट्रोल आल्ट आर, प्राइममध्ये आल्ट वाय मध्ये जाऊन रिपेअर. कॉपीवरच करा, कारण रिपेअरमध्ये ज्या एंट्र्या टॅलीला वाचताच येत नाहीत त्या सुटू शकतात. झाल्यावर आधीचा आणि नंतरचा ट्रायल बॅलन्स, महिन्यावार बिलांची संख्या, स्टॉक, हे तिन्ही जुळवा. जुळले नाहीत तर थांबा, टॅलीच्या पार्टनरला बोलवा.

"मग सरळ नवीन टॅली टाकू का?"

हा प्रश्न येतोच, आणि माझं उत्तर असतं की टाका, पण दुपारी साडेतीनला गिऱ्हाईक उभं असताना नाही. टॅली प्राइमला ६४ बिटचं विंडोज लागतं, म्हणजे वर सांगितलेल्या ३२ बिटच्या डब्यावर ते बसणारच नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशिन तसंही बदलायचंच आहे. पण प्राइम ३.० पासून डेटा नव्या पद्धतीत मायग्रेट होतो, आणि मायग्रेट झालेला डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही. मागे फिरायचं तर मायग्रेट करण्याआधीची कॉपी लागते आणि मधल्या दिवसांची बिलं परत टाकावी लागतात.

म्हणून मी असं करतो. वेगळ्या लॅपटॉपवर नवीन टॅली एज्युकेशनल मोडमध्ये टाकतो, त्याला लायसन्स लागत नाही, फक्त ठराविक तारखांनाच एंट्री होते, आपल्याला तेवढी पुरते. त्यात डेटाची कॉपी आणि एकेक टीडीएल चालवून बघतो. काही टीडीएल तिथे लोडच होत नाहीत, कारण ती त्या लायसन्सच्या सिरियल नंबरला बांधलेली असतात. आणि फाइल डॉट टीसीपी असेल तर ती कंपाइल केलेली आहे, आत काय लिहिलंय ते उघडून बघता येत नाही, ज्याने केली त्याच्याकडचीच मूळ फाइल लागते. तो बंगलोरवाला मुलगा फोन उचलत नसेल तर ते टीडीएल नव्याने लिहायचं, दुसरा इलाज नाही. पण लिहायच्या आधी शेठना विचारा की ह्यातलं खरंच काय लागतं. भवानी पेठेत एका ठिकाणी चार टीडीएलपैकी तीन कामं नवीन टॅलीत आयती मिळत होती, एकच परत करावं लागलं.

यापुढे हात लावू नका

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कोणी काय कधी बदललं याची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. तिथे एंट्र्यांना हात घालणारं टीडीएल असेल तर ऑडिटरला विचारल्याशिवाय काही करू नका. (मागच्या तारखेची बिलं गुपचूप बदलणारं टीडीएल करून द्या म्हणूनही फोन येतात. नाही करून देत, परत विचारू नका.) उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस लागतं, आणि तिथे आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा सरकारी पोर्टलवरून मिळणारा नंबर) निघालेल्या बिलांवर टीडीएलचे प्रयोग नकोत. चार-पाच जण एकाच सर्व्हरवरच्या टॅलीत काम करत असतील तर कामाच्या वेळेत टीडीएल चालू-बंद करू नका, माणूस बोलवा.

आणि बोलवताना चार गोष्टी हाताशी ठेवा: टॅलीचा सिरियल नंबर आणि रिलीज, टीडीएलच्या दोन्ही याद्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो, एररच्या खिडकीचा फोटो, आणि नेमकं कुठल्या बिलावर अडकतं तो बिल नंबर. नाहीतर येणारा माणूस पहिला अर्धा तास हेच विचारणार आणि व्हिजिटचे पैसे त्याचेही लावणार, मीही लावतो.